दुसऱ्या अंतऱ्यातली झांज

तीर्थपुरी,
१ जून २०२५

चि. प्रीतीस राजामामाचा सप्रेम जयभीम.

डॉक्टरनं तुला बोलायची बंदी केली हे मेसेजवरून कळलं. मंग आता पत्रच बरं. कागदावर लिही आन् फोटो पाठव. टाइप केलेल्यात सगळी माणसं सारखीच दिसतात, हातानं लिहिलेल्यात निदान माणूस घाईत हाय का रडून राह्यलं, ते कळतं.

तुझ्या गळ्याचं मला आधीच कळल्तं. मागच्या महिन्यात तू फोनवर मायला नुसतं जेवलीस का म्हणून विचारलंस. शब्दाच्या शेवटी हवा गळून राह्यली होती. आक्काला, तुझ्या मायला, मी हे सांगितलं न्हाई. तिला वाटलं तिकडं थंडी असंल.

तू गाणार हायेस तो उत्सव जगातला सगळ्यात मोठा हाय, असं धम्मपाल गुरुजी सांगून राह्यले. नदीतलं बेट, तीन दिवस, लाखो माणसं, आन् तिकीट न्हाई. मी त्यांना म्हणलं, गुरुजी, एक माणूस तिन्ही दिवस आला की तो तीनदा मोजला जातो, आमच्या साउंडच्या धंद्यात आम्ही बी तसंच सांगतो. आन् मोजायचंच असंल तर चौदा एप्रिल मोजा. गावोगाव, वस्तीवस्तीत गाणं. आपला उत्सव एका बेटावर मावतो का? गुरुजी हसले, पण पेढे त्यांनीच वाटले.

भोंगा सायकलला बांधून मी धंदा सुरू केला तेव्हा तू माझ्या सामानाच्या पेटीवर बसून गायचीस. आता तुझं गाणं विहारासमोर मोठ्या पडद्यावर दाखवणार हाय. नवे बॉक्स लावतो, बारीकातली बारीक हरकत ऐकू आली पाहिजे. तुझी माय तर झांज घासून बसली. तिला कितीदा सांगितलं की ते गाणं तिकडं हाय, वाजवायचं न्हाई.

गळा सांभाळ. आन् मामाला खरं लिहीत जा, एवढा लोभ ठेव.

तुझा,
राजामामा

*

व्हिएन्ना,
११ जून २०२५

ती. राजामामास सविनय जयभीम.

तुमच्या कानांपुढे काही लपत नाही, म्हणून लिहिते. स्वरतंतूंवर गाठ आहे. दिवसभर वृद्धाश्रमातल्या नोकरीत कमी ऐकू येणाऱ्या आजोबांशी मोठ्यानं बोलायचं आणि संध्याकाळी सराव, त्यात वर्ष गेलं. दुखत होतं तेव्हा गरम पाणी पिऊन गात राहिले. डॉक्टर म्हणतात, आता गायलीस तर जे उरलंय तेही जाईल.

तरी गाणार आहे. लांबचा, छोटा मंच आहे, मोठ्या मंचावरचा ढोल तिथंही छातीत वाजतो. पण त्या बेटावर बाबासाहेबांचं गाणं याआधी कुणी गायलेलं मला तरी कुणी सांगितलं नाही. सोबत अकॉर्डियनवाला आहे आणि एक ढोलवाली. शब्द त्यांना कळत नाहीत, पण दुसऱ्या अंतऱ्याला दोघंही डोळे मिटतात. मामा, फक्त एक गाणं. पुढं गळ्याचं जे व्हायचं ते होवो, असं रोज म्हणते आणि रोज भिते.

आवाज गेला तर मी कोण, हे मला माहीत नाही. शाळेत मला गाणारी प्रीतीच म्हणायचे, आडनाव कुणाला लागलं नाही.

मायला गाठीचं सांगू नका. ती डॉक्टरला फोन लावायला सांगेल आणि त्याला मराठीत झापेल.

तुमच्या मायेची भुकेली,
प्रीती

*

तीर्थपुरी,
२३ जून २०२५

चि. प्रीतीस सप्रेम जयभीम.

काल दिवेलागणीला पडदा लावला. अर्धी तीर्थपुरी आल्ती. नेट बराबर चाललं, लाइट बी गेली न्हाई. तू निळी साडी नेसून उभी राहिलीस तेव्हा बायांनी अशा टाळ्या वाजवल्या की मला आवाज वाढवावा लागला. वाढवला न्हाई पाहिजे होता.

पहिल्या कडव्यातच तुझ्या आवाजाखाली एक घुं ऐकू आली. ती घुं मी जत्रेच्या गोंगाटात बी वळखीन. ती माझ्या जुन्या जनरेटरची हाय. दोन वर्षांखाली जयंतीला लाइट गेल्ती आन् मी घाईत त्याची अर्थिंग केली न्हाई, तेव्हाच्या तुझ्या गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ती घुसली. मोबाइलवर कुणालाच ऐकू येत न्हाई. मीच शहाणा, नवे बॉक्स लावले.

तरी मनाला समजावलं, आपलेच कान म्हातारे झाले. मंग दुसरा अंतरा आला आन् झांज वाजली. एक मात्रा आधी. तिथं एक मात्रा आधी घुसणारी बाई जगात एकच हाय, आन् ती माझ्या शेजारी खुर्चीवर बसली होती. तुमच्या मंचावर झांजवालं कुणी दिसलं न्हाई.

आक्का उठून उभीच राहिली. सगळ्यांना सांगत सुटली की ही माझी झांज हाय, पोरीनं मायला सातासमुद्रापार नेलं. बायांनी तिला हार घातला. ती रडून राह्यली होती, हसून राह्यली होती. मी मिक्सरवर मान घालून बसलो. नंतर पडद्यावर तुझ्या गळ्याकडं पाहिलं. ओठ बराबर हलत होते, पण गळ्याची शीर फुगली न्हाई.

प्रीती, मी रागावलो न्हाई. बिलकुल न्हाई. फक्त सांग, आवाज किती गेला?

दोन ओळी लिही, पण लिही. जीव टांगणीला हाय.

राजामामा

*

व्हिएन्ना,
२९ जून २०२५

ती. राजामामास सविनय जयभीम.

सगळा गेला.

त्या दिवशी सकाळी माइक तपासायला उभी राहिले. तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. साउंडवाल्यानं माइक बदलला, वायर बदलली. चांगला माणूस होता, त्याला वाटलं दोष त्याच्या सामानात आहे. मी मोबाइलमधलं तुम्ही केलेलं जयंतीचं रेकॉर्डिंग त्याच्या हातात दिलं. गाणं रद्द करायचं मनात आलं होतं, पण पडद्यासमोर बसलेली माय डोळ्यांपुढून हलेना.

ओठ हलवत उभी होते आणि कानात मायची झांज आली. तेव्हा पळून जावंसं वाटलं. लोक मात्र नाचत होते. एक म्हातारी बाई पुढं येऊन माझे हात धरून रडली. तिचे हात कसे सोडवून घेतले, मला आठवत नाही.

आता खरं वाईट ऐका. उत्सववाल्यांना तो आवाज फार आवडला. पुढच्या वर्षी मोठ्या मंचावर बोलावलंय. ज्या मुलीला बोलावलंय ती आता कुठंच नाही. नकाराचं पत्र लिहायला घेते आणि कागद तसाच राहतो.

गुरुवारी ऑपरेशन आहे. बोलता येईल असं डॉक्टर म्हणतात. गाण्याचं विचारलं तर ते खिडकीबाहेर बघतात.

मायला सांगू नका. तुम्हाला माझी शपथ नाही घालत, हात जोडते.

प्रीती

*

तीर्थपुरी,
२० जुलै २०२५

चि. प्रीतीस सप्रेम जयभीम.

ऑपरेशन नीट झालं, तीन आठवडे पूर्ण मौन हाय, हा निरोप मिळाला.

तू हात जोडून मागितलेलं मी मोडलं. आक्काला सांगितलं म्हण, न सांगितलं म्हण.

पडदा लावला त्या दिवसापासून ती रोज सांजच्याला दुकानात येत होती. ते रेकॉर्डिंग लावायला सांगायची आन् सोबत झांज वाजवायची. विजयादशमीला प्रीती येणार, विहारात गाणार, म्हणून तालीम. एक मात्रा आधीच. मी इतकी वर्षं तिला त्याच्यावरून बोललो, आता बोलवत न्हाई.

एक दिवस म्हणलं, निदान ती घुं काढून टाकू, गाणं साफ करून ठेवू. कॉम्प्युटरवर बसलो. घुं गेली, पण अंतऱ्याआधी तू जो श्वास घेतेस, तो बी तिच्यासंग गेला. पुन्हा होतं तसं करून ठेवलं. आता तुझा आवाज एवढाच हाय. त्याला हात लावायची माझी हिंमत न्हाई.

काल ती पुन्हा आली. गाणं लावलं. दुसऱ्या अंतऱ्याला तिनं झांज उचलली आन् माझ्या हातानं बटन दाबलं गेलं. गाणं थांबलं. झांज तशीच हवेत. तिनं पुढचं लाव म्हणून सांगितलं. मी म्हणलं, पुढं न्हाई, आक्का. लाइट गेली म्हणावं, तर पंखा फिरून राह्यला होता. ती पंख्याकडं पाहत राहिली, मंग माझ्याकडं. झांज तिनं पदरात गुंडाळली, म्हणजे एकमेकीला लागून वाजू नये. आन् एवढंच विचारलं, की पोरीला बोलता तरी येतं का. मी म्हणलं, मला माहीत न्हाई.

आज ती दुकानात आली न्हाई. मी दिवसभर रस्त्याकडं पाहून राह्यलो.

तिकडं नकाराचं पत्र लिहून टाक. ते बेट तुझ्यावाचून भरंल, इथं एक बाई कान लावून बसली हाय. डॉक्टरनं सोडलं की फोन कर. मला न्हाई, तिलाच. नुसतं जेवलीस का विचार, कसा का आवाज निघंना. तेव्हा मी तिथं असलो तर बाहेर जाऊन उभा राहीन. माझ्या कानाला फरक कळंल. तिला कळणार न्हाई, तिच्यासाठी ती प्रीतीच असंल.

आमच्यावरचा जीव उतरू देऊ नकोस.

तुझा,
राजामामा