जुनी की नवी, मला विचारायचं होतं

प्रिय अहो,

काल लातूरहून नांदेडला परत आले. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच तुमच्या बहिणीकडे गेले होते. तिथे जे कळलं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू? आणि भांडू तरी कुणाशी? म्हणून लिहिते आहे.

जेवणं झाल्यावर सुनंदावन्सं म्हणाल्या, "वैनी, दादाला लई हौस होती त्या गाडीची. तुम्ही आडवं यायला नको होतं." मी विचारलं, कोणती गाडी? त्यांना वाटलं, मी सोंग घेते आहे.

त्यांच्या गल्लीच्या टोकाला रहीमभाई जुन्या गाड्या विकतात. वन्सं मला तिथे घेऊन गेल्या. शेडमध्ये दोन ठेंगण्या जपानी स्पोर्ट्स गाड्या उभ्या होत्या. मॉडेल एकच, एक आधीच्या पिढीची, एक नंतरच्या. रहीमभाई खुर्ची पुसत म्हणाले, "बसा भाभी. तुम्हीच ना त्या, नको म्हणणाऱ्या?"

अहो, मी कधी नको म्हणाले?

बहिणीला भेटायला म्हणून तुम्ही लातूरला जायचा. मी धपाटे बांधून द्यायची. ते खात तुम्ही त्या गाड्यांत बसायचा, एकदा जुनीत, एकदा नवीत. रहीमभाई सांगत होते, "जुनीचे दिवे बटन दाबलं की बॉनेटमधून वर येतात. भाईसाब त्यावर फिदा. पन स्टेअरिंग जड, एअरबॅग न्हाई. नवीत सगळं हाय, पन ती बात न्हाई. त्यांचं काही ठरंना. मी लई जोर केला की म्हणायचे, घरून नको म्हणतात." मग हसून म्हणाले, "मी म्हणलो, बायकोला इतकं डरता?"

तुम्हीही तेव्हा हसला असाल.

ठरत नव्हतं तर तसं सांगायचं. मला कशाला पुढे केलंत? तुमच्या तेराव्याला वन्सं माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मला वाटलं, दुःखात आहेत. त्यांच्या लेखी मी त्यांच्या भावाची हौस मारली होती, हे काल कळलं.

माझी शाळा चौथीत सुटली, पण वाचनालयातली मासिकं आपण शेजारी बसून वाचायचो. मोटारींची पानं तुम्ही बघायचा, कथा मी वाचायची. एकदा ते पान माझ्याकडे वळवलं असतं तर काय झालं असतं?

रहीमभाई म्हणाले, "आता दोन्ही विकून टाकणार हाय. पन तुमचा हक्क पहिला. घेता का एखादी?" मी दोन्हीत बसून पाहिलं. नवीची सीट आरामाची. जुनीत बसल्यावर वाटलं, जमिनीवरच मांडी घातली आहे. बटन दाबलं, दिवे वर आले, आणि मला हसू फुटलं. जुनीच घ्यायची होती की हो. हळू चालवली असती. ठरवायला मला एवढाच वेळ लागला.

गाडी मी घेतली नाही. तुमची हौस एकटीनं मिरवून काय करू? पण वन्संच्या देखत रहीमभाईंना म्हणाले, "भाई, मला कुणी विचारलंच नव्हतं. आज तुम्ही विचारलंत. माझं उत्तर, जुनी."

घरी परतताना वन्सं म्हणाल्या, "म्हंजे दादानं मलाबी फसवलं म्हणा की."

आज सकाळी शेजारच्या काकू तुमचं कपाट मागायला आल्या. "ह्यांना आवडलं नसतं," असं अगदी ओठांवर आलं. किती सोपं असतं ते, तेव्हा समजलं. तरी तुम्हाला माफ केलेलं नाही. काकूंना सरळ म्हणाले, "मला द्यायचं नाही."

एवढा शब्द तुम्हाला देते. माझा नकार मी कधीच तुमच्या नावावर खपवणार नाही.

तुमचीच,
सुमन