शांतादेवीच्या नावाचे खाते

मी, नागप्पा मल्लिकार्जुनअप्पा तोडकर, वय वर्षे ६८, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार चौसाळा, ता. जि. बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, पण तो सहा वर्षांपासून कापतो, त्यावरून माझ्या समजुतीबद्दल कोणी शंका घेऊ नये. मला कोणी भीती घातलेली नाही, काय लिहायचे ते सांगितलेले नाही. दारू-तंबाखूला मी कधी शिवलो नाही. सवय लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. ती पुढे लिहिली आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. चौसाळ्यातले राहते घर, म्हणजे दोन खोल्या, पुढची दुकानाची खोली आणि मागचे पत्र्याचे न्हाणीघर, हे सर्व माझ्या कमाईचे आहे, वडिलोपार्जित नाही. ते माझी एकुलती एक मुलगी रुद्राणी, दिलेली पाटोद्याला, हिला द्यावे. न्हाणीघर ठेवायचे की पाडायचे ते तिने ठरवावे. मी ते तेरा महिन्यांपासून वापरत नाही.

२. पोस्टात जे आहे तेही रुद्राणीचेच. पासबुक कपाटात साड्यांखाली आहे. त्या साड्या तिच्या आईच्या आहेत. एक निळी इरकल त्यात सापडणार नाही. तिचे काय झाले ते कलम सहामध्ये आहे.

३. दुकानातली हत्यारे, म्हणजे चिमटे, बारीक स्क्रूड्रायव्हर, डोळ्याला लावायचे भिंग आणि टेबल, शेजारचा मोबाइलवाला अंगद म्हाळू कोकरे याला द्यावीत. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे. हा एकटाच दुकानात बसला. हात चांगला आहे. दुरुस्त होऊन पडलेली सतरा घड्याळे ड्रॉवरमध्ये आहेत, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी बांधली आहे. अंगदने ती ज्याची त्याला पोचवावीत. मालक हयात नसेल तर घरच्यांना द्यावीत, आणि देताना घड्याळ चालू असावे.

४. आता खेळाबद्दल. माझ्यामागे लोक निरनिराळे सांगतील, म्हणून मीच लिहून ठेवतो.

आमच्या फोनवर बक्षीस स्पर्धेचे एक ॲप होते. सोपा प्रश्न विचारायचे, उत्तर देऊन तिकीट घ्यायचे, आणि रविवारी पाच वाजता सोडत. बक्षीस कधी मिक्सर, कधी स्कूटर. हे आधी माझ्या बायकोने, शांतादेवीने, सुरू केले, खाते मात्र माझ्या नावाने काढले. तिला कोड्यांची आवड होती. तीन वर्षांत आम्हाला एक इस्त्री लागली. ती चांगली चालते, रुद्राणीने न्यावी.

शांतादेवीचे नियम होते. आठवड्याला तीन तिकिटे. हरलेले परत मिळवायला म्हणून तिकीट घ्यायचे नाही. ज्या दिवशी घरात भांडण झाले असेल त्या दिवशी फोन हातात घ्यायचा नाही. ॲपमध्ये आठवड्याची मर्यादा घालता येते. ती तिने घातली आणि कुलपाचा आकडा स्वतःजवळ ठेवला. म्हणाली, "चौथं तिकीट लागलं तर मला इचारा. मी न्हाई म्हनंल, पन इचारा." रविवारी चहा घेऊन दोघे सोडत बघायचो. हरलो की ती हसायची आणि कप विसळायला जायची. तिच्यापुरता खेळ तिथे संपायचा.

माझ्यापुरता संपत नव्हता. हे मला कळत होते.

५. गेल्या वर्षी जानेवारीत बक्षिसाला पांढरी मोटार आली. मला मोटार चालवता येत नाही. तरी ती पाहिजे होती, त्याचे कारण माझा धाकटा भाऊ अमरनाथ. गेवराईला त्याचे कापडाचे दुकान आहे. रुद्राणीच्या लग्नात वऱ्हाड आणायला मी त्याची मोटार मागितली होती. टायर फुटलाय म्हणून निरोप आला, आणि त्याच मोटारीतून तो लग्नाला उतरला. याला चौदा वर्षे झाली. मी तेव्हा काही बोललो नव्हतो.

मी शांतादेवीकडे मर्यादा वाढवून मागितली. ती नाही म्हणाली. मग तिचे आधार कार्ड घेऊन मी अंगदच्या दुकानात गेलो आणि तिच्या नावाने दुसरे खाते उघडायला सांगितले. अंगदने विचारले, "काका, काकूच्या नावानं कावून? काकूला माहीत हाय का?" मी हो म्हणालो. अंगदचा यात दोष नाही, हे मी इथे स्पष्ट लिहितो.

त्या खात्याला मर्यादा नव्हती. किती तिकिटे घेतली ते लिहीत नाही.

दि. ११ फेब्रुवारी २०२४, रविवार. सोडतीत नावे मोठ्याने वाचतात. शांतादेवीचे नाव वाचले गेले तर तिला ऐकू जाईल आणि खाते उघड होईल, म्हणून मी कानात इअरफोन घातले आणि पुढे दुकानात जाऊन बसलो. ती मागे न्हाणीघरात कपडे धूत होती. सोडत वीस-बावीस मिनिटे चालली. मोटार दुसऱ्या कोणाला लागली.

खांद्यावर हात पडला तेव्हा मी वर बघितले. शेजारच्या भिवराबाई होत्या. त्यांच्या हातांना कणीक लागलेली होती. त्यांचे तोंड हलत होते, पण मला आवाज येत नव्हता. मग त्यांनीच माझ्या कानातले काढले. शांतादेवी न्हाणीघरात कोसळली होती, त्याआधी तीनदा ओरडली होती. भिंतीपलीकडे त्यांना ऐकू गेले होते.

जीपमधून बीडला नेत होतो. मांजरसुंब्याच्या घाटात तिचा हात गार लागला. बीडच्या डॉक्टरांनी आणायच्या आधीच गेली असे सांगितले. लवकर आणली असती तर वाचली असती का, हे मी त्यांना विचारले नाही. आजपर्यंत कोणालाच विचारलेले नाही. भिवराबाई इअरफोनबद्दल कोणाकडे बोलल्या नाहीत. माझ्याकडेसुद्धा नाहीत.

तिला बसवून माती दिली, गळ्यातले लिंग हातात ठेवले, जंगमांनी सगळे रीतीने केले. मी रडलो नाही. लोक म्हणाले, नागप्पा खंबीर आहे. मला नुसते काही वाटत नव्हते. अजूनही बहुतेक वाटत नाही.

६. त्यानंतर मी खेळ बंद करायला पाहिजे होता. केला नाही. स्वतःच्या खात्यावर गेलो नाही, तिच्या खात्यावर खेळत राहिलो. तिकीट घेतले की संदेश येई: "नमस्कार शांतादेवी, तुमचा सहभाग नोंदवला आहे. शुभेच्छा." रेशन कार्डावरून तिचे नाव कमी झाले होते, गॅसच्या पुस्तकावरूनही. या एकाच ठिकाणी तिला कोणी नमस्कार करत होते. बक्षीस काय आहे हे मी वाचतही नव्हतो.

मे महिन्यात फोन आला. पलीकडे एक मुलगी होती. शांतादेवी तोडकर यांना या वेळच्या सोडतीत मोटार लागली आहे, त्यांच्याशी बोलायचे आहे, म्हणाली. मी म्हणालो, त्या बाहेर गेल्यात. ती म्हणाली, उद्या व्हिडिओ कॉल करू, त्यांनी आधार कार्ड घेऊन समोर बसावे.

हे मी अमरनाथला कशाला सांगितले, मला ठाऊक नाही. मोटार लागली हे त्याला कळावे असे वाटले असेल. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन हजर झाला. म्हणाला, "वहिनी गेल्याचं त्या पोरीला कुठं माहीत हाय? आधारवरचा फोटू जुना हाय. ही बसंल, नाव सांगंल, झालं." मी नको म्हणालो नाही. कपाट उघडून मीच निळी इरकल काढून दिली. ही गोष्ट माझ्या हातची आहे, अमरनाथच्या नाही.

भावजय ती साडी नेसून, पदर कपाळापर्यंत ओढून फोनसमोर बसली. मी तिच्या मागे स्टुलावर होतो. मुलीने पूर्ण नाव विचारले. भावजय म्हणाली, "शांतादेवी नागप्पा तोडकर."

मी मागून बोललो, "ती वारली. अकरा फेब्रुवारीला."

अमरनाथने माझा दंड धरला. मुलीने विचारले, "मग हे खातं कोण चालवत होतं?"

"मी."

बक्षीस रद्द झाले, हे तिने नियमाप्रमाणे वाचून दाखवले. ती ओरडली नाही. शेवटी तिने विचारले, खेळ हाताबाहेर गेला आहे असे वाटते का, दोन्ही खाती कायमची बंद करता येतात, मात्र एकदा केली की परत उघडत नाहीत. मी म्हणालो, करा. तिने चालेल ना असे पुन्हा विचारले, मी पुन्हा करा म्हणालो. तिने एक नंबर दिला, अशा लोकांशी बोलणारी माणसे तिथे असतात म्हणाली. मी तीनदा फोन केला. तिथल्या बाई ऐकून घेत. सवय सुटली. इतर काही सुटले असे म्हणता येणार नाही.

साडी भावजयीच्या अंगावरच राहिली. मी ती मागितली नाही, कोणी मागू नये.

७. अमरनाथला या मृत्युपत्राने काही मिळत नाही. "तोंड मिटून बसला असतास तर दारात मोटार असती," हे त्याचे माझ्याशी शेवटचे वाक्य. तो माझ्या मातीला आला तर त्याला कोणी अडवू नये. न आला तर बोलावू नये.

८. माझा फोन अंगदने सगळे पुसून मोडीत द्यावा. माझ्या मृत्यूनंतर माझ्या नावाने कुठलेही खाते कोणी चालवू नये.

९. भिवराबाईंना काही द्यावे असे मनात होते. पण साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. दोन्हींतले एक निवडा, असे मी भिवराबाईंना सांगितले. त्यांनी साक्षीदार होणे निवडले.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निवृत्त शिक्षक त्रिंबक नाथा ढाकणे यांनी करावी. कलम पाच वाचून ते म्हणाले, "हे खोडा. पोरीला कशाला कळायला पाहिजे?" मी खोडलेले नाही.

मात्र मेल्यावर कळवणे मला बरे वाटेना. म्हणून बारा मार्चला रुद्राणीला बोलावून घेतले आणि पाच व सहा ही कलमे वाचून दाखवली. ती भिंतीला टेकून बसली होती. मग तिने विचारले, "आई कुणाला हाक मारीत होती? तुमाला का भिवरामावशीला?"

मला माहीत नव्हते. ती उठून मागे भिवराबाईंकडे गेली आणि विचारून आली. काय कळले ते तिने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. भांडी घासून, ओटा पुसून ती चारच्या एसटीने पाटोद्याला गेली. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही.

त्यामुळे वर तिला दिलेल्यात काही बदल होणार नाही. तिने पुन्हा कधीच फोन केला नाही तरी होणार नाही.

११. माती शांतादेवीशेजारी द्यावी की रुद्रभूमीत दुसरीकडे कुठे, हे रुद्राणीने सांगावे. ती सांगेल ती जागा मला मान्य आहे. ती काहीच बोलली नाही, तर दुसरीकडे द्यावी.

वरील मजकूर मी दोनदा वाचला. जे घडले तेच लिहिले आहे. खाली दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण : चौसाळा, ता. जि. बीड
दिनांक : २४ मार्च २०२५, सोमवार

(सही) नागप्पा मल्लिकार्जुनअप्पा तोडकर

साक्षीदार
१. (सही) त्रिंबक नाथा ढाकणे, निवृत्त शिक्षक, रा. चौसाळा
२. (डाव्या हाताचा अंगठा) भिवराबाई माऊली जोगदंड, रा. चौसाळा. मजकूर त्यांना संपूर्ण वाचून दाखवला. कलम पाच त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावले आणि बरोबर आहे असे सांगितले.