आत्याच्या पाण्याचा पाईप

टूसान, अॅरिझोना
९ फेब्रुवारी १९९७

तीर्थस्वरूप वेंकूआत्यास,
नटराजाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझं अक्षर बिघडलं म्हणून रागावू नकोस. तू पाटीवर गिरवून घेतलेली ही अक्षरं इथे फक्त तुला लिहितानाच बाहेर निघतात.

आता बातमी. मी घर घेतलंय, चाकांवरचं! एका लांबलचक मोटारीतच स्वयंपाकघर, दोन बिछाने, न्हाणी आणि पोटात पिण्याच्या पाण्याची टाकी. जुनंच आहे, पण इंजिन दणकट. परक्या चुलीवरचं खात नाही, परक्या घरचं पाणी घेत नाही, मग तिकडे येऊन उपाशी मरू का, असं तू दर वेळी लिहितेस. आता चूल तुझी, भांडी तुझी, त्यांना दुसरं कोणी शिवणार नाही. घरच तुझ्याबरोबर फिरेल. सप्टेंबरात ये. डोंगर, दऱ्या, वाळवंट सगळं दाखवतो. नाही म्हणायला आता तुझ्याकडे काय उरलंय ते कळव.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा,
नटराज


तंजावूर
२ मार्च १९९७

चि. नटराजास,
वेंकूआत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शेजारच्या कमलाक्षीला वाचून दाखवलं. आपल्या गल्लीत मराठी बोलणाऱ्या आता आम्ही दोघीच. चाकांवरच्या घराची वास्तुशांत कशी करायची, म्हणून आम्ही पुष्कळ हसलो.

पण नाही म्हणायला उरलंय, बाबा. त्या टाकीत पाणी भरणार कशानं? कमलाक्षीचा मुलगा म्हणतो, रबरी पाईपनं. नळात चामड्याची चकती असते म्हणून माझी आई जन्मात नळाचं पाणी प्यायली नाही. मी अजून विहिरीचं काढते. कावेरीला पाणी नसलं की विहीर तळाला जाते, तरी काढते. आणि ज्या पाईपनं तू मोटार धुणार, शेजारी कुत्रं धुणार, त्यातून आलेलं मी प्यायचं? सोवळं पाळून म्हातारी झाले, आता टाकवत नाही.

दुसरं असं, की तुझ्या पत्रात सगळीकडे ‘मी’ आहे. मी घेतलं, मी दाखवतो. सूनबाईचं, हरिप्रियेचं, नाव कुठे नाही. संक्रांतीलाही तिचं पत्र आलं नाही. तिला दोन ओळी लिहायला सांग.

वेळेवर जेव. मला विसरू नये.
तुझी,
वेंकूआत्या


टूसान
२३ मार्च १९९७

तीर्थस्वरूप आत्यास,
नटराजाचा नमस्कार. वि. वि.

तू जिंकलीस. मोटारीबरोबर आलेला पाईप बागेतला हिरवा होता. त्यानं टाकी भरली, कॉफी केली, आणि कॉफीला सायकलच्या ट्यूबची चव! टाकी रिकामी करून दुकानात गेलो. दुकानदारानं मला शिकवणीच दिली. पिण्याच्या पाण्याचा पाईप वेगळा, पांढरा. त्यातून पाण्यात वास उतरत नाही. संडासाची टाकी धुवायचा आणखी वेगळा, आणि तो पांढऱ्याच्या शेजारीसुद्धा ठेवायचा नाही. काम झालं की पांढऱ्याची दोन्ही टोकं एकमेकांत फिरवून बंद करायची, म्हणजे धूळ, किडा आत जात नाही. उन्हात टाकायचा नाही. आत्या, हे लोक तुझ्यापेक्षा सोवळे आहेत!

पन्नास फुटी की पंचवीस, यावर दुकानात बराच वेळ उभा राहिलो. शेवटी पंचवीसचे दोन घेतले. लागले तर जोडता येतात, एरवी गुंडाळायला सोपे. टोकं पितळेची आहेत, चामडं कुठेही नाही. नमुन्याचा तुकडा मागून घेतला, तो पार्सलनं पाठवतोय. तूच पारख.

अडचण एकच. नळ मोटारीच्या एका अंगाला आणि टाकीचं तोंड दुसऱ्या अंगाला. टाकी भरून पाणी उसळलं तरी नळापाशी कळत नाही. धावत जाईपर्यंत दर खेपेला पाय भिजतात. आपल्या विहिरीवर मी पोहरा ओढून पन्हळीत ओतायचो आणि भिंतीपलीकडे न्हाणीतून तू ‘पुरे रे’ म्हणून ओरडायचीस, ते आठवतं.

हरिप्रिया बरी आहे. कामात असते.

ये म्हणजे झालं.
तुझा,
नटराज


तंजावूर
२० एप्रिल १९९७

चि. नटराजास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुकडा मिळाला. धुतला, विहिरीच्या पाण्याच्या तांब्यात रात्रभर बुडवून ठेवला आणि सकाळी पारोशी होते तशीच ते पाणी प्यायले. वास नाही, चव नाही. तुझा पाईप पास.

हरिप्रिया बरी आहे म्हणतोस. मग टाकीच्या तोंडाशी तिला का उभं करत नाहीस? दर खेपेला पाय का भिजतात? मी म्हातारी आहे रे, खुळी नाही. कधी गेली, का गेली, विचारत नाही.

इथे कमलाक्षीला मुलगा घेऊन गेला. मद्रासला, म्हणजे आता चेन्नई म्हणायचं म्हणे. त्यांच्या दाराला कुलूप आहे. सकाळी भाजीवालीशी तमिळ, दुपारी पोस्टमनशी तमिळ. मराठी उरली ती देवाशी, आणि देव उत्तर देत नाही. फार एकटं वाटतं, हे तुझ्यापासून कशाला लपवू?

मी येते. सोवळ्याचं काय व्हायचं ते होईल. टाकीपाशी मी उभी राहीन, तू नळावर राहा. पासपोर्ट झाला की व्हिसासाठी चेन्नईला जाईन. जाताना पाणी माझ्या पितळी कूज्यातलंच नेईन, त्यावर हसू नकोस.

तुझी,
वेंकूआत्या


टूसान
११ मे १९९७

तीर्थस्वरूप आत्यास,
नमस्कार. वि. वि.

तू ओळखलंस. ती दिवाळीनंतर गेली. भांडण झालं नाही, बोलणंच संपलं होतं. घर विकलं. चाकांवरचं घर तुला दाखवायला घेतलं हे खरं आहे, पण मी राहतोही त्यातच. माझं दुसरं घर नाही. हे तुला आधी लिहायला धीर झाला नाही.

तुझ्यासाठी खिडकीकडचा बिछाना ठेवलाय. पितळी पातेलंही मिळालं. लवकर ये.

तुझा,
नटराज


तंजावूर
२९ जून १९९७

चि. नटराजास,
वेंकूआत्याचे आशीर्वाद. वि. वि.

व्हिसा मिळाला नाही.

एसटीडी बूथवरून फोन करणार होते. पण त्या काचेच्या खोलीत सगळ्यांदेखत रडू आलं असतं, म्हणून लिहिते. खिडकीपलीकडची बाई मऊ बोलणारी होती, तमिळमधून सांगायला माणूस होता. तिकडे कोण आहे विचारलं. म्हटलं, भाचा, मीच वाढवलेला. मग विचारलं, तंजावुरात तुमचं कोण आहे? मी खरं तेच सांगितलं. नवरा गेला, मूल नाही, शेजारीण होती तीही गेली. इथे माझं कोणी नाही, जे आहे ते तिकडेच आहे. मला वाटलं, एवढं ऐकल्यावर लगेच जा म्हणतील. तिनं पासपोर्ट परत सरकवला.

बाहेर रांगेतल्या एकानं समजावलं, की आजी, असं सांगायचं नसतं. इथे कोणी नाही म्हटलं की तुम्ही परत येणार नाही असं त्यांना वाटतं. येताना बसमध्ये तिरुचीपर्यंत विचार केला, पण दुसरं काय सांगितलं असतं ते सुचलं नाही. कूज्यातलं पाणी तसंच परत आणलं.

तुझा तुकडा पन्हळीच्या तोंडाला बसवलाय. नीट बसतो. आता त्यातूनच येणारं पाणी पिते.

तू पाईप उन्हात टाकू नकोस. पितळी पातेलं वापर, तसंच ठेवून देऊ नकोस. आणि टाकी भरताना मुका उभा राहू नकोस. अंदाज आला की मोठ्यानं ‘पुरे रे’ म्हण, आपल्या भाषेत म्हण. ऐकायला कोणी नसलं तरी म्हण. मी इथे हंडा भरला की म्हणते.

तुझी,
वेंकूआत्या