न फुटलेला पेला

नीनफेल्डे, २१ सप्टेंबर १८७८

चि. लुडॉल्फ यास गेशेताईचा आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे ठीक. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, ठीक काही नाही.

तू जेवलास आणि गाडीत बसून गेलास. लोकांचं ऐकायला मी आहे इथे. तू आखलेल्या चर्चचं छप्पर उभं राहिलं, टिले सुताराने वर चढून पानांचा हार बांधला, काचेचा पेला रिकामा केला आणि खाली फेकला, इथवर रीतीप्रमाणे झालं. पेला फुटायला हवा. नाही फुटला तर इमारत स्वतःसाठी माणूस मागते, हे सुताराच्या पोटी जन्मलेल्याला मी सांगायचं? तो विटांवर पडला, घंटेसारखा वाजला आणि घरंगळत तुझ्या पायाशी आला. टिले वरून ओरडून सांगत होता, हातोडा घाला त्याच्यावर. तू काय केलंस? रुमालात गुंडाळून खिशात घातलास. वर हसलास. हॅनोव्हरला राहून मोठा वास्तुविशारद झालास, कळलं आम्हाला.

पेला फोड आणि तसं कळव. बटाटे काढून झाले. गुडघा दुखतो. अक्षर मोठं काढ, तुझ्या मुंग्या मला वाचता येत नाहीत. लोभ आहे, पण राग त्याहून जास्त आहे.

तुझी गेशे

हॅनोव्हर, ६ ऑक्टोबर १८७८

ती. ताईस लुडॉल्फचा सा. नमस्कार. वि. वि. तुझं पत्र वाचताना कान गरम झाले. अक्षर मोठं काढलं आहे, बघ.

पेला माझ्या मेजावर आहे, त्यात पेन्सिली ठेवतो. इतका कणखर पेला फोडवत नाही.

मला मोठा म्हणून टोमणा मारतेस, पण माझा सगळा मोठेपणा तुझ्या मापाचा आहे. बांधकामशाळेत पहिल्याच हिवाळ्यात गुरुजींनी सांगितलं, दाराची उंची कळावी म्हणून शेजारी एक माणूस काढा. मला तूच आठवलीस, आईबापांच्या मागे मला वाढवणारी, विहिरीवरून बादली आणताना डावी टाच घासत चालणारी. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नकाशात दाराशी बादली घेऊन तू उभी आहेस. स्टेशन, टपालघर, मुलींची शाळा, चाळीस इमारती झाल्या. पायरी तुझ्या पावलाची, खिडकीचा कट्टा तुझ्या कोपराच्या उंचीचा. लोक विचारतात की तुमचे जिने चढताना दम का लागत नाही. आपल्या चर्चच्या नकाशातही तू आहेसच. मग घाबरतेस कशाला?

गुडघ्याला लोकर बांध. या धाकट्यावरचा राग उतरला की लोभ तेवढा मागे राहू दे.

तुझा लुडॉल्फ

नीनफेल्डे, ९ फेब्रुवारी १८७९

चि. लुडॉल्फ यास आशीर्वाद. वि. वि. लोकर बांधली, काही उपयोग नाही.

आता नीट वाच. बेकरीवाली मेटा परवा मला म्हणाली की या वयात चर्चच्या मनोऱ्यावर कशाला चढतेस, पडशील. मी म्हटलं, मी सकाळपासून घरात कणीक मळतेय, तुझे डोळे तपास. दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबा दारात येऊन तेच बोलले. टिलेच्या पोरींनी तर मला वर पाहून हात हलवला, आणि वळल्या तर मी त्यांच्या मागे सरपण घेऊन उभी. त्या रडत घरी पळाल्या.

म्हणून मी भर दुपारी वर गेले. जिना खरंच सोपा आहे, ते तुझं खरं. तिसऱ्या खिडकीपाशी चुन्याच्या धुळीत लाकडी बुटांचे ठसे होते. डावी टाच घासलेली. शेजारी ओलं वर्तुळ, बादली ठेवल्यासारखं. ती बादली तीस वर्षांपूर्वी विहिरीत बुडाली, लुडॉल्फ. दोर माझ्याच हातून सुटला होता.

नकाशा काढून बघ आणि मला खरं काय ते सांग. गोड बोलू नकोस. लोभ नंतर बघू.

गेशे

हॅनोव्हर, २ मार्च १८७९

ती. ताईस सा. नमस्कार. वि. वि. गोड बोलत नाही.

नकाशा बघितला. तुला मी दाराशी काढलं होतं. दाराशी कुणी नाही. तू मनोऱ्यातल्या तिसऱ्या खिडकीत आहेस, आतल्या बाजूला, बादली शेजारी ठेवून. रेघ माझ्याच हातची आहे, पण मी ती तिथे ओढली नाही. मग पेला दगडी पायरीवर तीनदा आपटला. तीनदा नुसता वाजला.

मी विचार केला की इमारतीला माणूस हवं आहे आणि तिच्या कागदावर माणूस एकच आहे. तेच काढून टाकलं तर ती कुणाला मागणार? शाई पुसत नाही, चाकूने खरवडावी लागते. काल सगळे नकाशे काढून बसलो. चाळीसच्या चाळीस दारांशी तुला खरवडलं आणि शेवटी या खिडकीतून. शेवटची रेघ गेली आणि मेजावरचा पेला आपोआप फुटला, ताई. सगळीकडे काचा.

संकट टळलं. चर्च उघडायच्या दिवशी येतो, आपल्या बाकावर शेजारी बसू. मटाराचं सूप करून ठेव. हातून मूर्खपणा झाला, तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा लुडॉल्फ

नीनफेल्डे, २ जून १८७९

चि. लुडॉल्फ यास आशीर्वाद. वि. वि. तुला मार्चपासून सहा पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही.

मनोऱ्यात मी दिसायची बंद झाले, ते तुझं बरोबर. पण खालीही बंद झाले. मेटा माझ्या मागच्या बाईला पाव देते. टपालवाला दारातून परत जातो. मे महिन्यात टिलेने माझ्या दाराला फळ्या ठोकल्या. मी आत चुलीपाशी उभी राहून विचारत होते की काय चाललंय, तर तो मदतनिसाला सांगत होता की घर कधीचं रिकामं आहे.

म्हटलं, लुडॉल्फ आला की बघू. काल चर्च उघडायला तू आलास, म्हणून मी मागच्या खिडकीतून उतरून आले. जाडा झालायस. आपल्या बाकावर बसलास, मी शेजारीच होते. तू हॅट काढलीस आणि माझ्या मांडीवर ठेवलीस, रिकाम्या जागेवर ठेवतात तशी. बाहेर पाद्रीबाबांनी विचारलं, लहानपणी तुम्हाला कुणी वाढवलं. तू माझ्याकडे सरळ बघत म्हणालास, "एकटाच वाढलो. बहीण वगैरे कुणी नव्हती मला."

मी रागावले नाही. तू खोटं बोलतोस तेव्हा कान चोळतोस, आणि काल चोळले नाहीस.

घरी परतले तर खिडकी बाहेरून उंच, दाराच्या फळ्या निघाल्या नाहीत, हातात जोर उरला नाही. म्हणून वर आलेय, तिसऱ्या खिडकीशी. कट्टा बरोबर कोपराला लागतो. गुडघा अजिबात दुखत नाही. बादली इथेच होती, भरलेली. तू पुन्हा कधी नकाशा काढशील आणि दाराशी माणूस हवं असं वाटेल, तेव्हा हात ज्याचं चित्र काढेल ते खरवडू नकोस.

लोभ वाढवायचं राहू दे, कुणावर करायचा तेवढं आठव.

गेशे