निखार आणि जळमटं

९ मार्च, सोमवार
पाडव्याआधीची जळमटं काढायला झाडू उचलला, तर चिमणीहून बारीक पाखरू नाकासमोरून गॅलरीत शिरलं. कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं चोचीने ओढलं, गुंडाळलं, समोरच्या शिरीषावर नेलं. डोकं राखाडी, छाती फुंकलेल्या कोळशासारखी. सत्तरी उलटली, असलं काही बघितलं नव्हतं. झाडू वरच्या वर राहिला.

१० मार्च
मयुरीने, नातीने, फोनात शोधलं. निखार म्हणे. कोरड्या माळाकडचा, किडे खाणारा. लालबागेत कुठला गो माळ? म्हणाली, त्यालाच विचार.
नर-मादी दोघं घरटं बांधतायत. जाळ्याने काडीला काडी चिकटवतात. खिळा नाही, गोंद नाही. बघत बसले. डाळ करपली.

१२ मार्च
रविवारी माझगावची माणसं मयुरीच्या लग्नाचं बोलायला यायचीयत. मयुरी आणि मुलगा, दोघांचं ठरलेलंच आहे. घोडं अडलंय त्याच्या आईपाशी. बाई फार टापटिपीची.
वैशाली (सून) झाडू घेऊन आली. तिचा हात धरला.
"सत्तावीस वर्षं या जळमटांवरून माझा उद्धार केलात, आई."
"केला. आता थांब."
घरटं अर्धंच झालंय. मयुरीला विचारलं, काय करू? तिने विचारलं, पुरं व्हायला किती दिवस? म्हटलं, मी कधी बांधलंय? हसली नाही. राहू दे म्हणाली.

१५ मार्च, रवि.
आली. घर घासून लख्ख, तो एक कोपरा सोडून. मुलाची आई बसायच्या आधी वर बघते. मी बघते तशीच. पोह्यांची बशी हातात, नजर कोपऱ्यात. पाखराचं सांगितलं. मेलं नेमकं तेव्हाच आलं नाही.
"अस्सं," म्हणाली. कळवतो म्हणाले.

१८ मार्च
तीन दिवस निरोप नाही. मयुरी फोन पालथा ठेवते. माझ्यामुळे मोडलं तर

उद्या पाडवा. वै.ने झाडू पुढे केला. घरटं झालं त्यांचं, आता तरी काढा. वीतभर जाळं उरलंय. झाडू घेतला आणि गॅलरीत गेले. घरटं वाटीएवढंही नाही. मादी आत बसलेली, शेपूट तेवढी बाहेर. एवढ्याशा जाळ्यावर केवढा भरवसा.
मयुरी येऊन शेजारी उभी राहिली. तिचा फोन वाजला. माझगाव. तेवढ्यात नर किडा घेऊन आला. त्याने मादीला भरवेपर्यंत दोघी हललो नाही. फोन वाजतच होता.
मग ती फोन उचलून आत गेली. अजून आतच आहे.