तापीचा 'आ'

कळसाडी,
दि. २ डिसेंबर १९६३

ती. सौ. गुलाबताईंच्या चरणी निर्मलाचा नमस्कार.

आम्ही सर्व खुशाल आहोत. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, माणसं मिळत नाहीत. तुमच्या भावाचा खोकला कमी आहे. नंदुरबारला तुमच्या शाळेतल्या परीक्षा आटोपल्या असतील. तापीही बरी आहे. म्हणजे खाते, पिते, झोपते.

बरी नाही, ताई. तुम्ही गेल्यापासून गप्प आहे.

सहा वर्षं मी या लेकीपुढे 'आई, आई' करून घसा कोरडा केला. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले कान धड आहेत, तरी तिने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. दिवाळीच्या सुटीत तुम्ही आलात, ओट्यावर तिच्याशेजारी बसलात आणि तिच्यासारखंच ओठांनी 'बर्रर्र' करू लागलात. शेजारची तुळशीबाई हसून लोळली. तुम्ही मला म्हणालात, "पहिले आपण तिन्हासारखं करानं, मंग ती आपलासारखं करी." चौथ्या दिवशी तुम्ही 'आ' म्हणालात आणि तापी 'आ' म्हणाली. तुम्ही लगेच गुळाचा खडा तिच्या तोंडात ठेवलात. ती तुमच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली. माझ्याकडे तिने असं कधी पाहिलं नव्हतं.

सगळे हरखले. माझ्या मात्र पोटात दुखलं. तुम्हाला हाका मारायला दोन लेक आहेत, शाळेतल्या चाळीस पोरी आहेत. माझी एकच, तीही तुम्हालाच हवी?

आता खरं लिहिते. त्यानंतर तुम्ही शिकवायला बसण्याआधी मी रोज तापीला मागच्या दारी नेऊन पोटभर गूळ खाऊ घालत होते. गूळ खाऊन कंटाळलेली पोर तुमच्या एका खड्यासाठी कशाला 'आ' करेल? तुम्ही तासन्‌तास बसलात. ती मान फिरवायची आणि मला बरं वाटायचं. जाताना तुमचे डोळे भरले होते. "मन्हाकडथीन नही व्हयनं, निर्मला," म्हणालात, जणू तुमच्याकडूनच झालं नाही. मी तुम्हाला कुंकू लावून निरोप दिला.

वाटलं, आता मीच शिकवीन. तुमच्यासारखीच बसते, 'बर्रर्र' करते, 'आ' करते, खडा दाखवते. काल तिने हात माझ्या तोंडावर ठेवून ते बंदच केलं. खरं सांगू, मी शिकवते तेव्हा माझा जीव तिच्यात नसतो, तुमच्यावर मात करण्यात असतो. पोरीला ते कळत असावं.

नाताळच्या सुटीत या. तुमच्या भावाला मी सगळं सांगितलं. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तुम्हीही बोलू नका, पण तापीशी बोला. तिने पहिली हाक तुम्हाला मारली तर मी जळेन, खोटं कशाला लिहू? पण चुलीपाशी बसून ऐकेन.

तुमच्यावर जळणारी आणि तुमचीच वाट पाहणारी,
निर्मला