खाऊ घातलेला चेक

अण्णा,

आज कोर्टाच्या आवारात एका किराणा दुकानदाराला मी तेच समजावत होते, जे कधीकाळी गुलमंडीतल्या आपल्या कापडदुकानात तुम्हाला समजावलं होतं. चेक वटला नाही तर तो जिवापाड जपायचा, बँकेची चिठ्ठीसुद्धा. मुदतीत रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवायची, पंधरा दिवस वाट पाहायची, तरी पैसे आले नाहीत तर कोर्टात यायचं. "आणि हात आवरायचे," मी म्हटलं. तो हसला. मला काही हसू आलं नाही.

तेव्हा मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. फुलंब्रीच्या त्या रेडिमेडवाल्याचा चेक परत आला होता आणि त्याच पैशांवर आईचं ऑपरेशन अडलं होतं. नोटीस मी लिहून ठेवली होती, तुमची सही तेवढी बाकी होती. एवढ्यात तो स्वतःच येतो, गादीवर ऐसपैस बसतो, वर चहा मागतो. "शेठ, कशाला तापता? कागदच हाय, दुसरा लिहून देतो की." एरवी मुंगीही न मारणारे तुम्ही उठता, त्याची मान धरून त्याला कापडाच्या थानांवर आपटता. "कागद हाय व्हय? मग खा तुझा कागद!" चेकचा बोळा त्याच्या तोंडात कोंबून तो गिळेपर्यंत तुम्ही जबडा दाबून धरता. मग कापड मोजायचा लोखंडी गज. पहिल्या फटक्यात त्याचा खांदा निखळला, दुसऱ्यात पुढचे दात पडले. पांढऱ्या लठ्ठ्यावर उडालेलं ते रक्त धुऊनही निघालं नाही.

चेक त्याच्या पोटात गेला, त्याच्यासोबत आपला पुरावाही. फिर्याद त्याची, कोठडी तुमची. तडजोडीत उलट आपणच त्याच्या दातांचे पैसे भरले. ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. आईनं पुढची दिवाळी पाहिली नाही, आणि बायको रागापायी घालवली म्हणून नातेवाईक तुम्हाला तोंडावर बोलले.

पत्ता लिहायला तुम्ही उरला नाहीत, म्हणून तर हे लिहायचं धाडस होतंय. पोलिसांना मी सांगितलं की गज गादीपाशीच पडला होता. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि होकारार्थी मान हलवलीत. गज आत खुंटीला असायचा, अण्णा. तुम्ही मागितलाही नव्हता. त्यानं चेक गिळल्यावर तुम्हाला धाप लागली होती, हात खाली आला होता. गज मी आणून दिला. आणि पहिला फटका बसला तेव्हा मला बरं वाटलं.